लॅक्रॉसच्या मुली पास झाल्या

दम्माम

प्रिय अप्पा,
दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, गुडघाही फारसा दुखत नाही. आईचा चष्मा आला का?

आमच्या कॉलेजचा मुलींचा लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाचा, संघ वाचला. मुख्य कोच सोडून गेल्या आणि त्यांची मदतनीस म्हणून मी एकटी उरले. त्यात डीन मॅडम म्हणाल्या, "संघातल्या त्या कच्च्या दोघी गणितात नापास झाल्या तर संघाचा खर्च बंद." माझा इकामाही, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्यावरच अवलंबून होता, तुम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं.

मग रोज सरावानंतर मैदानावरच मी त्यांना गणित शिकवलं, तुम्ही मला शिकवायचात तसंच, न रागावता. काल दोघी पास झाल्या.

त्यातल्या रीमनं विचारलं, "मिस, तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी तुमचं नाव सांगितलं. तिला 'दत्तात्रय' म्हणता येईना, पण जमेपर्यंत तिनं सोडलं नाही.

तुमची,
शमिका