गाऱ्हाणं मागे घे, आते

तोंडवली,
बुधवार, जेवणं झाल्यावर

तीर्थरूप सावित्रीआतेस,

तुझ्या भाच्याचा, म्हणजे विराजचा, साष्टांग नमस्कार. साष्टांग घातला आहे, पण रागाने घातला आहे, हे आधीच लिहून ठेवतो. ऋताताईची तब्येत बरी आहे, बाळ पोटात लाथा मारतं, हे शेजारच्या कोन्सेसांवमावशीच्या मोबाईलवरून कळलं. बाळाला म्हणावं, मामाच्या वतीने आजीला आणखी दोन मार. हे पत्र मी दसऱ्याला लिहिणार होतो. मग म्हटलं दिवाळीला लिहू, निवांत. मग तुळशीचं लग्नही लागून गेलं. (आळस नव्हे. राग मुरायला ठेवला होता, करमल्याच्या लोणच्यासारखा. त्यावरून आठवलं, तुझी लोणच्याची बरणी संपली. त्याचं नंतर.)

मुद्द्यावर येतो. ठाण्याला जायच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "चल रे देवळात, ऋताच्या बाळंतपणाचो नारळ ठेवचो आसा." मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो. दत्तप्रसाद गावकर नारळ धरून देवापुढे उभे, मागे निम्मा गाव. गाऱ्हाण्याची आपली रीत ठरलेली, गावकरांनी देवाला एकेक मागणं ऐकवायचं आणि मागच्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पहिलं मागणं ऋताताईचं झालं. सुखरूप सुटका कर, म्हाराजा. व्हय म्हाराजा. इतक्यात मला दिसलं की देवळाच्या कौलांत एक साळुंकी घरटं बांधते आहे. काडी तिच्या चोचीतून पडायची, ती खाली यायची, तीच काडी पुन्हा उचलायची. शेजारी दुसऱ्या चांगल्या काड्या पडल्या होत्या, पण हिला तीच हवी. मी तिच्याकडे बघत होतो आणि तोंडाने सवयीने "व्हय म्हाराजा" चालू होतं. माझा आवाज मुळात मोठा. काडी एकदाची बसली तेव्हा गावकरांचं कानावर आलं, "ह्या सावित्रीच्या भाच्याचो पाय एका जाग्यार ठरणा नाय, म्हाराजा! सूर्य डोक्यार इलो तरी उठणा नाय! मोबाईल हातातसून सुटणा नाय! एक काम तडीक नेणा नाय! तेका शिस्त दी, बुद्धी दी, आणि हयच थाऱ्याक लाव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे शेवटचं माझं होतं. सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांत मोठ्याने. तू मागे वळून बघितलंस आणि पदराने डोळे टिपलेस. मला वाटलं, ऋताताईसाठी.

आते, तुला शिस्त पाहिजे होती तर मला दोन थोबाडीत द्यायच्या. चार भिंतींच्या आत मिटलं असतं. देवाचंही मला काही वाटत नाही, देवाला शेकडो कामं असतात, तो विसरला असता. पण "व्हय म्हाराजा" म्हणणारे विसरत नाहीत. ज्याने ज्याने तोंड उघडलं तो स्वतःला जामीन समजतो. मी रस्त्यात उभा राहिलो तर विचारतात, "खंय चल्लस?" चालू लागलो तर विचारतात, "थारो नाय काय तुका?" माझा मोबाईल त्याच संध्याकाळी गावकरांनी मागून नेला आणि त्यांच्या घरच्या भाताच्या कणगीत पुरला. (सुरुवातीला भातातून रिंगटोन ऐकू यायची. गावकरीणकाकी म्हणाल्या, कणगीत भूत शिरलं. आता तेही गप्प झालं.) म्हणून हा कागद. या वयात मी पोस्टाची पेटी शोधत फिरतो आहे.

आणि कोन्सेसांवमावशी! ती तर देवळात नव्हतीच, देवळाच्या दगडी गडग्यापलीकडून तिने ऐकलं. तरीही सर्वांत कडक तीच. पहाटे तिची प्रार्थना व्हायच्या आधी माझ्या दारावर झावळीचा दांडा आपटते. "उठ रे मेल्या, कोंबो आरावलो!" बांगडे तळते, वास माझ्या खिडकीतून आत सोडते, आणि विचारते, "आंगण झाडलंस? नाय? मगे पेज खा." मी म्हटलं, मावशी, बांगड्याचं गाऱ्हाण्यात काही नव्हतं. तर म्हणते, "शिस्तीत सगळा इला."

पहाटेचं आणखी एक. तुझे जावई सर्वेशराव मला आधीपासून व्हिडिओ पाठवायचे, पहाटे उठणारेच जग जिंकतात वगैरे. त्यांना माझा निरोप दे. आपल्या आवाठात, अख्ख्या वाडीत, सगळ्यांच्या आधी उठायचा तो आपला जुना कोंबडा. जन्मभर त्याने एक दिवस चुकवला नाही. त्याने काय जिंकलं? गेल्या आषाढात वड्यांबरोबर पानात आला. आणि त्याला खाणारे आम्ही आठ वाजता उठलो होतो. (वडे छान झाले होते, ते एक सोड.)

मी गप्प बसलो असं समजू नकोस. गावकरांकडे गेलो, म्हटलं, हे काढा. ते म्हणाले, "ज्येनी घातल्यान तेनाच काढूचा लागता. नायतर कौल लावया." लावला. देवाच्या अंगावरची पाकळी डावीकडे पडली. म्हणजे नाही. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा लावा म्हटलं तर खेकसले, "देव काय तुझो मोबाईल आसा, परत परत दाबूक?"

त्यानंतर रॉकीचा निरोप आला. रॉकी म्हणजे कोन्सेसांवमावशीचाच मुलगा, तुला माहीतच आहे, गोव्याला हॉटेलात लागलेला. त्याने कळवलं, इकडे ये, काम आहे, उठायची सक्ती नाही, सगळं रात्रीचं. मी बॅग भरली आणि फाट्यावर जाऊन एसटीत बसलो. कंडक्टर आपला बाबली निघाला. माझ्याकडे बघून म्हणतो, "तिकीट मिळाचा नाय. माझी आवस तुझ्या गाऱ्हाण्याक हुती." त्याची आई जामीन, म्हणून तोही! अख्खी गाडी हसली. एका म्हातारीने तर मलाच विचारलं, "तोच काय रे तू, उठणा नाय तो?" आते, मी आयटीआयचे दोन ट्रेड सोडले, पणजीची बेकरी सोडली, रत्नागिरीची नर्सरी सोडली, कुठेही मला कुणी अडवलं नाही. सोडायला दिलं. इथे जाऊच देत नाहीत. याला काय म्हणतात? कैद म्हणतात!

आता सांगतो ते खरं रागाचं. याच्यापुढे वरचं सगळं सोलकढी.

परवा कोन्सेसांवमावशी मेरीमातेच्या, तिच्या सायबिणीच्या, फेस्ताला माहेरी, शिरोड्याला गेली. बाबलीची सुटी, गावकर जत्रेला. मला अडवणारं गावात कुणी नाही. सकाळची गोव्याची गाडी पकडायची आणि सुटायचं, एवढंच. आदल्या रात्री मी ठरवून झोपलो, कारण पाळत नाही म्हटल्यावर झोपही चांगली लागते. आणि पहाटे, अंधार असताना, दारावर दांडा नाही, हाक नाही, कोंबडासुद्धा आरवला नाही, आणि माझे डोळे टक्क उघडे. कुशीवर वळून बघितलं. पालथा झोपून बघितलं. नाही. शेवटी उठलो आणि काय केलं असेल? अंगण झाडलं! पळून जायच्या दिवशी! झाडून झाल्यावर कळलं की मी झाडतो आहे. झाडू फेकला. कुणाला शिव्या घालणार? तिथे मी एकटाच होतो.

बॅग घेऊन खाडीच्या बाजूने निघालो. तिथे विन्सेंटची बोट. (पर्यटकांची. मी महिनाभर तिच्यावर कामाला आहे, विन्सेंट मला फक्त धुवायला देतो, इंजिनाला हात लावू देत नाही. म्हणतो, आज आसस, उद्या नसशीत.) भरतीने तिचा नांगर घसरला होता आणि बोट हळूहळू काठच्या खडकांकडे, खडपांकडे, चालली होती. मी म्हटलं, आपल्याला काय. दहा पावलं पुढे गेलो. मग मला ती साळुंकी आठवली, का ते विचारू नकोस, मी काडी बसेपर्यंत मान वर करून उभा होतो एवढंच. बॅग वाळूत टाकली, पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरलो, बोट ओढली, नांगर पुन्हा घातला, बघतो तर आत घोटाभर पाणी. डब्याने उपसायला लागलो. थोडं उपसू आणि जाऊ म्हटलं. पण थोडं उपसलं की उरलेलं डोळ्यांत खुपतं. उपसता उपसता गाडी पुलावरून गेली, हॉर्न वाजवत. मी बघितली. तरी खाली वाकलो आणि तळ कोरडा केला, फडकं मारलं. आयुष्यात पहिल्यांदा एक काम तडीस नेलं, आते, आणि त्यापायी गोवा गेलं!

विन्सेंट जेट्टीवर उभा होता. कधीपासून, माहीत नाही. शाबास नाही, काही नाही. माझी ओली बॅग उचलून देत म्हणाला, "माझ्या वांगडा येतस काय?" आणि पुढे चालू लागला. आज सकाळी उठून दार उघडतो तर कडीला बोटीची चावी अडकवलेली.

तर हे तुझ्या गाऱ्हाण्याचे प्रताप. आधी बाहेरचे उठवत होते, त्यांच्याशी भांडता येत होतं. आता आतलाच कुणीतरी उठवतो आणि त्याला गावातला कुणीही ओळखत नाही. म्हणून मी स्पष्ट लिहितो. पत्र मिळताच गावकरांना फोन कर आणि गाऱ्हाणं मागे घे. ताबडतोब. माझी विनंती नाही, बजावणी आहे.

तुझा अत्यंत चिडलेला भाचा,
विराज

ता. क. : लोणचं पाठव. विन्सेंटलाही आवडलं.

ता. क. २ : गाऱ्हाणं मागे घ्यायचं ते ताबडतोब नको. मेअखेर बोटी किनाऱ्याला ओढल्या की मग घे. मधेच घेतलंस तर मी जाईन. मी मला ओळखतो. आणि गावकरांना सांग, मी मोबाईल मागायला आलो तर कितीही ओरडलो तरी द्यायचा नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार इतक्यात अंगणात कोण यावं? रॉकी! बॅग घेऊन, गोव्याहून, दाढी वाढलेली. हॉटेलवाल्याने काढलं, कारण रात्रीच्या कामालाही उठायला लागतं. आईला अजून पत्ता नाही. माझ्या ओट्यावर बसून म्हणतो, "विराज, माका पण एक गाऱ्हाणा घाल." मी म्हटलं, अरे, तुझ्या आईने सायबिणीला नवस केलाय ना? तर म्हणतो, "सायबीण सगळा ऐकता, पण कोणाक सांगणा नाय. तुमचो देव गावभर करता. माका तसलोच व्हयो." गावकर जत्रेहून आले आहेत. गाऱ्हाणं घालायला जबाबदार माणूस लागतं, आणि हा माझ्याकडे बघतो आहे. मी नारळ सोलायला घेतला आहे, आते. आज "व्हय म्हाराजा" असं म्हणेन, की तुला ठाण्यात ऐकू येईल.