ज्युनोच्या घराचं छप्पर

५ एप्रिल १९६२. जळगाव जामोद.
ज्युनो आली. कॉकर स्पॅनियल, मधाच्या रंगाची, कान पाण्याच्या वाटीत बुडतात. नागपूरची डॉली, माझी कॉन्व्हेंटमधली वर्गमैत्रीण, वीस वर्षं हीच जात वाढवते. तिने गाभण कुत्रीच दिली. पिल्लं मेअखेर. जूनमध्ये डॉली पाहायला येणार. मी नागपूरहून निघताना ती म्हणाली, तुला माणसं सांभाळता आली नाहीत, कुत्री सांभाळशील? उत्तर जूनमध्ये तिला दिसेलच.
तीस वर्षं मी मुलींच्या शाळा आणि वसतिगृहं तपासली. राहण्याची जागा कशी असावी हे मला कोणी शिकवू नये.
संकल्प: लाड नाहीत. कुत्री घरात येणार नाही. जबाबदार ब्रीडर स्वच्छ, स्वतंत्र जागा देतो आणि भावना बाजूला ठेवतो.

९ एप्रिल.
डॉलीचं इंग्लिश पुस्तक वाचून संपवलं. केनेलचं, म्हणजे कुत्र्याच्या घराचं, तोंड दक्षिणेला, दिवसभर ऊन मिळावं. भिंती लाकडी, कुठेही फट नको. वर टीन. ओल म्हणजे कुत्र्याचा पहिला शत्रू. फकीर मोहम्मद मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाई, वैशाखात टिनाखाली भाकर भाजते, मातीचे कवेलू टाकू अन् मांगून झरोका ठेवू. मी सांगितलं, लेखकाला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्याने विचारलं, कुठचे चाळीस वर्षं, इथचे का तिथचे?
लहानपणी ह्याला कोणी बाकावर उभं केलं नाही, त्याचे हे परिणाम.

१८ एप्रिल.
केनेल तयार. हिरवा रंग. ज्युनो आत गेली, वास घेतला, बाहेर आली आणि ओसरीवरच्या रांजणाला पाठ लावून झोपली.
सवय होईल.

२४ एप्रिल.
पिंपळगाव राजाचे अर्जुनराव बागेच्या राखणीला पिल्लू मागायला आले. माझे ठरलेले चार प्रश्न विचारले. दुपारी कुठे ठेवणार? छप्पर कशाचं? पाणी कोण बदलणार? पिल्लू ओरडलं तर ऐकणार कोण? अर्जुनराव म्हणाले, कुत्रं मांगून राह्यलो बाई, जावाई नाही. चौथ्या प्रश्नाला तर हसलेच. नापास.
पंचफुला भांडी घासता घासता सगळं ऐकत होती. अकरा वर्षं माझ्याकडे आहे, कामापेक्षा ऐकणं जास्त.

१२ मे. दुपार.
पंचफुलाने केनेलवर ओलं पोतं टाकलं. काढलं. ओल चालत नाही. ती म्हणाली, तुमचं बुक काय उन्हात बसून लिवलं काय? उर्मट बाई. ज्युनो पुन्हा रांजणापाशी. पट्टा धरून परत नेली. पाय घट्ट रोवते. शिस्त लागायला वेळ लागतो, मुलींनाही लागायचा.

१९ मे.
पोतं पुन्हा. काढलं.

२२ मे.
पोतं. काढलं. पंचफुलाने दिवसभर भांडी आपटली. दुर्लक्ष केलं.

२६ मे. सकाळी ९.
पाच पिल्लं! स्वयंपाकघरातल्या तराजूत प्रत्येकाचं वजन केलं. सर्वांत लहान मुलगा आहे, ओंजळीत मावतो. नाव सीझर. ज्युनो माझा हात चाटत होती. काढून घेतला. थोड्या वेळाने.

३० मे. पहाटे.
शेगावला चालले, डॉलीला ट्रंक कॉल करायला. अशी बातमी पत्राने सांगायची नसते. पहिल्या आठवड्यात आईला त्रास देऊ नये असं पुस्तक म्हणतं. पंचफुलाचा भरवसा नाही, म्हणून केनेलला कुलूप. किल्ली पर्समध्ये.

३० मे. संध्याकाळ.
डॉलीने अभिनंदन केलं.
पंचफुलाने कुऱ्हाडीने केनेलची मागची फळी फोडली. माझ्या परवानगीशिवाय. म्हणाली, बारा वाजल्यापासून कुत्री लाकूड खरडून राह्यली होती, मी किल्ली कुठून आनू? उद्यापासून तिला काम बंद. तसं स्पष्ट सांगितलं.
ज्युनो रांजणापाशी आहे. श्वास फार जलद. एकेक पिल्लू तिनेच तोंडात धरून तिथे आणलं. चार गेली होती, तरी आणली.
सीझर आहे.

३१ मे. सकाळी ६.
ज्युनो गेली. माझ्या पावलावर डोकं ठेवलं होतं. मी हलले नाही. नियमात बसत नाही. हलले नाही.

२ जून.
डॉलीला पत्र. पहिला मसुदा: अनपेक्षित उष्मा. फाडला. दुसरा: मिस्त्रीच्या कामातील दोष. फाडला. तिसरा पाठवला. त्यात जे झालं तेच लिहिलं, म्हणून फक्त सहा ओळी झाल्या.
पंचफुला सीझरला घरी घेऊन गेली आहे. काम बंद केलं हे तिच्या लक्षात नसावं. रोज येते, भांडी घासते, जाते.

७ जून.
पंचफुलाच्या झोपडीची तपासणी. पळसाच्या पानांचं छप्पर. शेजारी शेळी बांधलेली. जमीन ओली, पोतं ओलं. सीझर पोत्यावर, शेळीच्या दुधात भिजवलेला कापूस चोखतो. ती त्याला काळ्या म्हणते. तो मधाच्या रंगाचा आहे, हे लक्षात आणून दिलं. म्हणाली, नजर नाही लागत बाई.
शेरा: अत्यंत अस्वच्छ. पिल्लू गुबगुबीत.

११ जून.
डॉली येणार नाही. पत्रात एकच ओळ: पुस्तक परत पाठव.

१५ जून.
मागचं चाळलं. पोतं तीनदा काढलं असं लिहिलंय. पाचदा काढलं होतं.

२१ जुलै.
आठ आठवडे पूर्ण. त्याआधी पिल्लू द्यायचं नसतं, म्हणून थांबले होते. इस्त्रीची साडी नेसून पंचफुलाकडे गेले. म्हणाले, आता सीझरला न्यावं म्हणते. ती म्हणाली, बसा. मग पिल्लू मांडीवर घेऊन विचारलं, दुपारी कुठी ठेवसान? मी म्हणाले, रांजणापाशी. छप्पर कायचं? म्हणाले, माझ्याच घराचं, केनेल पाडला. पानी कोन बदलन? मी. वरडलं तं आयकन कोन?
अर्जुनरावांना मी याच प्रश्नाला नापास केलं होतं.
पर्समध्ये हात घातला. रुमाल काढायचा होता. किल्ली लागली.
पंचफुला म्हणाली, रोज दुपारी इथी येऊन बसत जा बाई. त्याचा आवाज वळखू द्या तुमाले. मंग पाहू.
किती दिवस, असं विचारलं. म्हणाली, मी सांगन.
उद्या एक वाजता. छत्री न्यायची.