व्हिटाचं कार्ड आणि आपलं जर-तर

प्रिय टिफनी,

कागदावर लिहितेय, हसू नकोस. मोबाइलवर चार वेळा टाइप केलं आणि चारही वेळा पुसलं. पेनाने लिहिलेलं पुसता येत नाही, म्हणून हे.

काल माझा थ्रीडीएस चार्जिंगला लावला. चालू झाला गं, पहिल्यासारखा. आणि मला परत तुझ्या व्हिटाचा राग आला. सातवीत असताना तुझे पास्कल अंकल जहाजावरची नोकरी सोडून गिरीजला आले आणि त्यांनी त्यांचे हातात धरून खेळायचे दोन्ही व्हिडिओगेम आपल्याला वाटून टाकले. व्हिटा तुला, थ्रीडीएस मला. मी किती जळले होते. तुझी स्क्रीन काय भारी, रंग काय, नि माझा आपला खेळण्यातला डबा. आणि तरी बाजारात जिंकला माझा डबा. तू म्हणायचीस लोकच येडे. लोक येडे नाहीत गं. गेम साठवायला सगळी दुनिया साधं मेमरी कार्ड वापरते, आणि व्हिटावाल्यांनी स्वतःचं वेगळंच कार्ड काढलं. महाग, आणि दुसऱ्या कशात चालत नाही. एवढी चांगली वस्तू बनवायची आणि मग दार असं करायचं की कोणी आत येऊच नये. डोकं फिरतं माझं अजून.

आपला खेळ आठवतो ना, आगाशीच्या बसमधला? एकीने ‘जर’ म्हणायचं, दुसरीने ‘तर’. जर व्हिटात साधं कार्ड चाललं असतं, तर. जर तो शिकारीचा गेम व्हिटा सोडून थ्रीडीएसवाल्यांकडे गेला नसता, तर. जी अडकेल तिने लिंबूसोडा पाजायचा. मी कधीच अडकले नाही. वर्गात हजेरी द्यायला माझा आवाज फुटत नव्हता, आणि बसमध्ये मी नंदाखाल येईपर्यंत बोलत राहायचे. कंडक्टर म्हणाला होता, ही मुलगी वकील होणार. झाली वकील.

तुझं कार्ड मेलं तेव्हा विरारला आपण सहा दुकानं फिरलो. शेवटच्याने साधं कार्ड दिलं, म्हणाला सगळ्यात चालतं. मीच घुसवलं जोर लावून. वाकडं होऊन आतच अडकलं. मला रडू आलं आणि तू फुटपाथवर बसून पोट धरून हसलीस. तेव्हा तुझं हसणं मला आवडलं होतं.

दहावीत नाही आवडलं. सायन्सची तोंडी होती. उत्तर येत होतं मला, सगळं येत होतं, पण दुसऱ्याच शब्दाला अडकले. मागून कोणतरी म्हणालं, हँग झाली. वर्ग हसला. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू पण. बाकीच्यांचं काय, ते हसतातच. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. बाबा म्हणाले उद्या जाशील. मग परवा. मग दिवाळी आली, वाडीत काम निघालं, आणि नंतर त्यांनी एक दिवस दाखलाच काढून आणला. आता सकाळी त्यांच्याबरोबर बाजारात केळीची पानं घेऊन बसते. बोलायचं काम बाबांचं. मी पानं बांधते. आई म्हणते पोरगी शांत आहे. शांत नाहीये गं मी, आतून नुसती चिडलेली असते.

एप्रिलमध्ये तुझी बोर्डाची परीक्षा संपली आणि तू सतरा नंबरच्या फॉर्मची सगळी माहिती लिहून घेऊन आलीस. शाळेत न जाता दहावी देता येते, मी तुला शिकवेन, असं म्हणालीस. सॉरी पण म्हणालीस. आणि मी काय बोलले ते तुला पाठ असेल. ‘आधी हसायचं, मग फॉर्म आणायचा. नको मला.’ कागद पंपाच्या खोलीत ठेवून गेलीस तू. पाच महिने झाले. व्हिटाच्या कार्डावरून मी तुला एवढं ऐकवायचे, आणि माझं बघ.

थ्रीडीएसवाल्यांची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तो पण आधी खपत नव्हता, महाग ठेवला होता. पाच महिन्यांतच त्यांनी सरळ किंमत खाली आणली, आणि ज्यांनी आधी महाग घेतला होता त्यांना वीस गेम फुकट दिले. ते अडून बसले असते तर आज आपण कोणाच्या नावाने भांडलो असतो?

माझ्याकडे वीस गेम नाहीत. फॉर्म भरलाय, ऑनलाइन, आगाशीच्या सायबरवाल्याकडे. प्रिंट आणि दाखला आपल्याच शाळेत नेऊन द्यायचाय, स्वतः. शनिवार शेवटचा दिवस. दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आले. खिडकीतले क्लार्क विचारणार, शाळा का सोडलीस. केळींसमोर उभी राहून प्रॅक्टिस केली, तिथे पण दुसऱ्या शब्दाला अडकते. बाबा येतो म्हणतात, पण ते माझ्याऐवजी बोलून टाकतील.

शनिवारी दहा वाजता गेटवर येशील? माझ्यासाठी तू काही बोलू नकोस. बाजूला उभी राहा. मी अडकले की हळूच ‘जर’ म्हण. ‘तर’ मी म्हणेन.

तुझीच, अजून अडकलेली,
आर्या