हातचे कुठे आहेत?

३ मार्च
हेडसरांचं नवं खूळ! प्रत्येक तासानंतर तक्ता भरायचा — काय शिकवलं, मुलं कुठे अडली, पुढच्या वेळी मी काय बदलेन. तिन्ही रकान्यांत ‘समाधानकारक’ लिहून मोकळी झाले. गणिताच्या बाईला कसलं आलंय आत्मपरीक्षण! बावीस वर्षं तीच गणितं, तीच उत्तरं.

५ मार्च
पाचवीची चाचणी तपासली. शेवटच्या बाकावरची शिंप्याची मुलगी — तोंडच उघडत नाही म्हणून आम्ही तिला ‘गप्पी’ म्हणतो — सगळ्या वजाबाक्या बरोबर. आणि कागद कोरा! ५०३ वजा २७८, समोर नुसतं २२५. दशक सुटा केलेला नाही, हातचा नाही, काही नाही. वर्गात उभी केली.
“हातचे कुठे आहेत?” गप्प. “कुणाचं बघितलंस?” गप्प.
शून्य दिलं. वर म्हणाले, “कॉपी करायलाही अक्कल लागते.” वर्ग खो खो हसला. मीही हसले.
या गुणांवर सहावीची वरची तुकडी ठरणार. करावं तसं भरावं, दुसरं काय!

८ मार्च
कोटाच्या बाह्या आखूड करायला शिंप्याकडे गेले. गप्पी कोपऱ्यात काजं करत बसलेली. बाप मापं घेताघेता ओरडला, “त्रेपन्नातून सत्तावीस गेले, पोरी?” तिने टेप ओढली. सत्तावीसवर बोट, मग तीसवर, मग पन्नासवर. “तीन, वीस, तीन... सव्वीस.”
“कमीपासून वर मोजत जायचं,” तो कौतुकाने म्हणाला. “मीच शिकवलं, बाई. शाळेत चालतं ना?”
“चालतं,” मी म्हणाले.
तिने मान वर केली नाही. शून्याचं घरी सांगितलेलं दिसत नाही.

९ मार्च
वहीत करून पाहिलं. २७८ ते २८० — दोन. तिथून ३०० — वीस. तिथून ५०३ — दोनशे तीन. २२५! माझ्या हातच्यांपेक्षा कितीतरी सरळ. बावीस वर्षांत अशा किती जणी मी खाली बसवल्या असतील?

११ मार्च
हेडसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “यादी शुक्रवारी जाते, बाई. फार तर गुरुवारी तीच प्रश्नपत्रिका माझ्या खोलीत पुन्हा देतो. त्यात जे मिळेल ते.”
गप्पीला सांगायला हवं — चूक माझी, तुझी रीत बरोबर. व्हरांड्यात समोरूनच आली. मी चष्मा पुसत वळले! चाळीस मुलांसमोर जीभ सुटली होती, एकटीपुढे टाळ्याला चिकटली. मला लाज वाटली, एवढंच खरं.

१२ मार्च
मधल्या सुट्टीत तिच्याभोवती मुली होत्या. उद्या परीक्षा झाली की सांगेन. तिला काय, उत्तरं येतातच.

१३ मार्च
पेपर समोर आहे. अक्षर सुरेख. प्रत्येक आकडा खोडून डोक्यावर हातचा, मी फळ्यावर काढते अगदी तसा. ५०३ वजा २७८ — २७५. सहापैकी एकही बरोबर नाही.
खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘बाई, या वेळी हातचे दाखवलेत.’