जांबोटीच्या बाईंची गाठ

मॅडम, मागच्या आठवड्यात जांबोटीच्या एका बाईंचं गर्भाशय ऑपरेशननंतर आमच्या लॅबमध्ये तपासायला आलं. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, पुन्हा अंगावर जायला लागलं म्हणून जावेनं त्यांना बळंच बेळगावला आणलेलं. माझ्या हाताखालच्या डॉक्टर मुलीनं स्लाइड बघितली आणि तिचा चेहरा उतरला. गाठीत एकीकडे ग्रंथींच्या पेशी, दुसरीकडे लांबट, निमुळत्या. “मिश्र गाठच आहे, मॅडम. कार्सिनोसार्कोमा. लिहू?” गर्भाशयाच्या गाठींत याहून वाईट नावं थोडीच. एकदा लिहिलं की त्या बाईंच्या मागे जबर औषधं लागणार, आणि घरात रडारड.

मी खुर्ची ओढून बसले आणि मला तुमची खोली दिसायला लागली. आपल्या दोघींमध्ये एकच मायक्रोस्कोप, दोन्ही बाजूंनी बघता येणारा. मी नवशिकी, अशीच गाठ बघते आणि नाव ठोकून देते. तुम्ही भिंगावरून डोळा न काढता म्हणता, “नाव बारशाला ठेवत्यात. आधी दिसतंय काय ते सांग.” एरवी तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचा, रागावलात की निपाणी बाहेर यायची. मी सांगत राहिले, तुम्ही नुसतं “आणि?” म्हणत राहिलात. जेवायची वेळ टळून गेल्यावर मला घरी घेऊन गेलात. पोळ्या करता करता कणकेच्या गोळ्याचे दोन भाग केलेत, एक लाटलात, दुसऱ्याची लांब वळी केलीत. “दोन रूपं दिसली म्हणून दोन आया असत्यात असं न्हाय. पीठ एकच गं.” मग माझ्या ताटात इतका खर्डा वाढलात की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तुम्ही पोट धरून हसलात. पेशीचं मूळ रंगानं सांगणारे मार्कर तेव्हा आपल्याकडे कुठे होते? नमुना बाहेर पाठवायचा आणि वाट बघत बसायचं.

आता तो रंग आमच्याच खोलीत चढतो, मॅडम. मी त्या मुलीला म्हटलं, नाव राहू दे, दिसतंय काय ते सांग. ती चाचरत बोलायला लागली. “ग्रंथी शांत आहेत. लांबट पेशीही तशा वेड्यावाकड्या नाहीत.” मी म्हटलं, आणि? “आणि मध्ये रेघच नाही. ह्यांच्यातूनच त्या निघाल्यासारख्या वाटतात.” आम्ही मार्कर लावले. उग्र मिश्र गाठीत जो रंग बहुतेक वेळा गच्च भरतो, तो इथे फिकट, तुरळक उमटला. ग्रंथीच्या पेशी दाखवणाऱ्या दुसऱ्या मार्करचा तपकिरी रंग मात्र दोन्ही भागांतल्या पेशींच्या केंद्रकांत बसलेला. म्हणजे मूळ एकच, ग्रंथीचं. सौम्य जातीचा कर्करोग, नुसतं रूप पालटलेला, आणि गर्भाशयाच्या आतच राहिलेला. सर्जन म्हणाले, ऑपरेशननं काम झालंय, आता फक्त तपासणीला येत राहायचं.

एरवी आम्ही पेशंटपुढे जात नाही. पण ह्या वेळी मी खाली वॉर्डात गेले, त्या मुलीलाही ओढत नेलं. निकाल सांगितला तशी त्यांची जाऊ आधी उठून उभी राहिली. “म्हंजे ती केस जाणारी औषधं न्हाईत व्हय?”

“नाहीत. पण तपासायला चुकायचं नाही.”

“म्या आणतो की. न्हाय आली तर उचलून आणतो.”

कॉटवरच्या बाई कोपरावर रेलून जराशा उठल्या. त्यांनी विचारलं, “मग म्हशीखाली कवा बसू? माझ्याबिगर ती कुणाला धार काढू देत न्हाय.” आम्ही चौघी हसलो. शेजारच्या कॉटवरची बाईही हसली, कशाला ते तिला कळलंही नसेल.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ता उरला नाही, ठाऊक आहे मला. तरी लिहायला बसले, कारण त्या रात्री घरी जेवताना मी सगळं सांगितलं आणि सगळे मनापासून म्हणाले, बरं झालं. कुठला रंग कुठे चढला, कुठे फिका पडला, हे कुणी विचारलं नाही. आणि मला तेच सांगायचं होतं.