शून्य खर्चाच्या प्रयोगशाळेतले त्रेचाळीस भाग

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर, सरकारी माध्यमिक शाळेत विज्ञानाची कंत्राटी शिक्षिका, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणी न सांगता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची एक झडप, आणि ती येत्या सोमवारी बदलणार आहेत. धोका किती, असे मी सर्जनना विचारले. ते म्हणाले, "सकारात्मक विचार करा." मी म्हटले, "आकडा सांगा." त्यांनी शंभरात नऊ असा सांगितला. माझ्या वर्गात पंचेचाळीस मुले आहेत. त्या हिशेबाने चार मुले होतात, आणि चार मुलांना मी कधी वाऱ्यावर सोडलेले नाही. म्हणून हे लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे बदल केला नाही तर हेच शेवटचे.

१. वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन खोल्यांमधला माझा हिस्सा पूर्णपणे आईचा. दादाने त्यावर हक्क सांगू नये. तो सांगणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिले, कारण कागद नसला की माणसे आठवणीवर जातात आणि आठवण ज्याच्या त्याच्या सोयीची असते.

२. बँकेत जे काही उरेल त्याचे दोन समान भाग करावेत. एक आईला. दुसरा कलम ६ मध्ये ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्या शिक्षकाला. तो घेणार नाही म्हणेल. त्याच्याशी वाद न घालता त्याच्या खात्यावर भरावा.

३. दादाला मी काही ठेवत नाही. त्याचा खासगी क्लास आहे, तीन मजली आहे, त्याला कशाची गरज नाही. "क्लासमध्ये तुला तिप्पट पगार देतो, वर वातानुकूलित खोली देतो, आणि तू त्या सरकारी खुराड्यात फुकटची मिस्त्री होऊन बसलीस," असे तो वहिनीसमोर म्हणाला होता. त्यावर मी सात महिने त्याच्याशी बोलले नाही. कंत्राटी शिक्षकांना वैद्यकीय संरक्षण नाही, त्यामुळे माझ्या शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या क्लासच्या पैशातून होत आहे. ज्या मुलांना सरकारी शाळेत पुरेसे शिकायला मिळत नाही त्यांच्या पालकांनी भरलेल्या फीतून माझी झडप येणार. याच्याकडे कसे पाहावे हे मला अजून सुचलेले नाही. तो शब्द मी माफ केला आहे, एवढे त्याला सांगावे. क्लासच्या जाहिरातीत माझा फोटो मात्र घालू नये.

४. हत्यारे. डाग देण्याचे यंत्र (सोल्डरिंग आयर्न), दोन मल्टिमीटर, पकडी आणि स्क्रूड्रायव्हरचा संच मी आजच प्रयोगशाळेच्या परिचरांच्या हातात दिला आहे. शाळेत त्यांना सगळे मामा म्हणतात. मृत्युपत्रात त्यांना काही ठेवले तर ते साक्षीदार होऊ शकत नाहीत, आणि मला त्यांची सही हवी आहे. म्हणून जिवंतपणी दिला. त्यांनी पेटी उघडून पाहिली, बंद केली आणि विचारले, "सोमवारी परत न्यायला येणार ना, ताई?" मी म्हटले, "सोमवारी नाही." ते म्हणाले, "मग मंगळवारी."

५. आता मुख्य गोष्ट.

शाळेच्या प्रयोगशाळेतील पुढील त्रेचाळीस भाग माझ्या वैयक्तिक मालकीचे आहेत: सूक्ष्मदर्शकांचे चौदा दिवे, पाच विद्युतपुरवठ्यांची आतली जोडणी, अकरा मीटरचे काटे आणि कॉइल, टेबलांवरची बारा बटणे, धूर बाहेर टाकणारा एक पंखा. पावत्या निळ्या फाइलमध्ये आहेत. शाळेच्याच भंगारातून काढून वापरलेले भाग मी यात धरलेले नाहीत, ते शाळेचे आहेत.

मी रुजू झाले तेव्हा प्रयोगशाळेत मुलांना उपकरणांची चित्रे दाखवली जात. उपकरणे कपाटात होती, पण एकही चालत नव्हते. दुरुस्तीसाठी मागणी पाठवली की "अनुदान उपलब्ध नाही" असे उत्तर येई. मग मी स्वतःच्या पगारातून भाग आणले आणि दोन वर्षांत, शाळा सुटल्यावर रोज बसून, सगळे चालू केले. हे मी कुठून शिकले ते लपवण्यासारखे नाही. आई प्राथमिक शिक्षिका होती आणि बत्तीस वर्षे तिने खडू स्वतःच्या पर्समधून नेले. "मुलांसमोर काय हात हलवत जायचं?" असे ती म्हणायची. त्यात काही चुकीचे आहे असे आमच्या घरात कोणाला वाटले नाही.

तिसऱ्या वर्षी तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी एकेक सूक्ष्मदर्शक लावून पाहिला. मुलांनी त्यांना कांद्याच्या पेशी दाखवल्या. ते खूश झाले.

"यावर शाळेचा खर्च किती झाला, मॅडम?"

"शून्य."

"कमाल आहे. सही करा इथे."

फॉर्मवर एकच रकाना होता: शाळेने केलेला खर्च. शिक्षकाने स्वतःच्या खिशातून काय घातले, किती तास घातले, याचा रकाना नव्हता. रकाना नाही म्हणून मी ते लिहिले नाही. आकडा तपासला, बरोबर होता, सही केली. समासात लिहिता आले असते. समास कोरा होता. मला त्या वेळी अभिमानही वाटत होता, हेही नोंदवते.

त्याच वर्षी अंदाजपत्रकाच्या अधिवेशनात दोन गोष्टी चर्चेला होत्या: सरकारी शाळांचे प्रयोगशाळा अनुदान आणि कंत्राटी शिक्षकांना नियमित वेतनश्रेणी. आम्ही सगळे शिक्षक खोलीत, मधल्या सुट्टीत, गणिताच्या सरांच्या फोनवर ते पाहत होतो. सर आमच्या संघटनेचे सचिव. वेतनश्रेणीसाठी ते चार वर्षे खेटे घालत होते. या दोन्हींच्या विरोधात बोलणाऱ्या एका सदस्याने एक कागद वर धरला. "अध्यक्ष महोदय, शिक्षण पैशाने होत नाही, तळमळीने होते. ही एक शाळा बघा. शून्य खर्च. ही शिक्षिकेची सही. ज्यांना करायचं असतं ते करून दाखवतात, आणि ज्यांना करायचं नसतं ते मोर्चे काढतात!" बाके वाजली. ज्यांनी आमची बाजू घेतली त्यांच्याकडेही आकडा नव्हता. ते मला "बिचारी भगिनी" म्हणाले आणि खाली बसले. अनुदान निम्मे झाले. वेतनश्रेणी अभ्यास समितीकडे गेली. ती समिती अजून अभ्यास करत आहे.

मग सरांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "अभिनंदन, मॅडम. चार वर्षं आम्ही घसा कोरडा केला. तुम्ही एका सहीत काम तमाम केलंत."

तेव्हापासून माझे नाव शून्यबाई. आधी शिक्षक खोलीत, मग मुलांतही. मुलांना वाटते ते कौतुकाने आहे.

मी शिक्षण खात्याला खुलाशाचे पत्र पाठवले. सोबत त्रेचाळीस भागांची यादी, पावत्यांच्या प्रती, तासांचा तक्ता. उत्तर एका ओळीचे आले: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेच्या दारावर "शून्य खर्च आदर्श प्रयोगशाळा" असा फलक लागला, आणि सगळ्या शाळांनी याच पद्धतीने प्रयोगशाळा उभाराव्यात असे परिपत्रक निघाले.

६. इतर शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे काम मला, विनामोबदला, मिळाले. प्रत्येक गटाला चाळीस मिनिटे. मी तीन पानांची पुस्तिका लिहिली. जुन्या संगणकाचा विद्युतपुरवठा उघडण्यापूर्वी आत साठलेली वीज कशी काढून टाकायची, हे तिसऱ्या पानावर होते. कार्यालयाने कागद वाचवण्यासाठी पाठपोट एकच पान छापले, म्हणजे पहिली दोन पाने. हे मला नंतर कळले. तपासून घेतले नाही ही चूक माझी.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने वायर काढली, झाकण उघडले आणि आत हात घातला. धक्क्याने हात मागे झटकला तो कपाटाच्या काचेतून गेला. उजव्या हाताची दोन बोटे आता वळत नाहीत. त्याची नेमणूकही माझ्यासारखी अकरा महिन्यांचीच होती. ती पुन्हा झाली नाही. मी भेटायला गेले. तो डाव्या हाताने फळ्यावर लिहायचा सराव करत होता. म्हणाला, "चूक माझीच, ताई. तुम्ही बोलताना सांगितलं होतं, मीच विसरलो." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी हे कलम कदाचित लिहिले नसते.

७. म्हणून माझी इच्छा अशी की माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांच्या आत कलम ५ मधले त्रेचाळीस भाग काढून घ्यावेत, यादीप्रमाणे मुख्याध्यापिकांच्या टेबलावर मांडावेत, आणि उपकरणे जशी मला मिळाली होती तशी, बंद, कपाटात ठेवावीत. दारावरचा फलक सगळ्यात आधी उतरवावा. त्यानंतर तपासणी अधिकाऱ्यांना बोलावून तोच फॉर्म पुन्हा भरावा. शून्य खर्चात काय मिळते ते त्यांनी डोळ्यांनी पाहावे.

हे मी जिवंतपणी का करत नाही, असा प्रश्न येईल. मी करून पाहिले होते. एका रविवारी एकटीच गेले, पहिल्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू काढला, दिवा हातात घेतला. दुसऱ्या दिवशी नववीचा पेशींचा तास होता. मी दिवा परत बसवला आणि घरी आले. असे तीन रविवार झाले. माझ्याने होत नाही. म्हणून जे माझ्या हातून होत नाही ते कागदावर सोपवते.

८. हे काम आधी मी मामांना सांगितले. ते म्हणाले, "ताई, दुसरं काहीही सांगा. पोरं विचारतील, दिवा कुठं गेला, तर मी काय सांगू?" म्हणून मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी गणिताच्या सरांना नेमते. त्यांना मालमत्ता देत नाही, काम देते. माझ्या सहीने त्यांचे सर्वांत जास्त नुकसान झाले आहे आणि ते मला सर्वांत कमी माया लावतात. त्यांचा हात थांबणार नाही असा माझा अंदाज आहे. त्यांनी हे कलम उभ्याने वाचले आणि एवढेच म्हणाले, "करतो."

९. शाळेत शोकसभा नको. "वाहून घेतले होते" हे शब्द माझ्याबद्दल कोणी वापरू नयेत, आईनेही. प्रयोगशाळेला माझे नाव देऊ नये. आईने निळी फाइल जपावी, आणि घरी कोणी शिक्षक आला तर त्याला चहाआधी ती दाखवावी.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आहे आणि त्यांच्यादेखत सही केली आहे. त्यांनी माझ्यादेखत सही केली आहे.

ठिकाण: माझी भाड्याची खोली, दुसरा मजला, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ९ जानेवारी, शुक्रवार.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) प्रयोगशाळा परिचर
साक्षीदार २: (सही) गणित शिक्षक

नोंद, सह्या झाल्यावर, माझ्या हाताने: साक्षीदार २ यांनी सही केली, पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि मला विचारले, "प्रात्यक्षिक परीक्षा कधी आहे?" मी म्हटले, "मार्चमध्ये." त्यांनी कलम ७ शेजारी समासात लिहिले: परीक्षेनंतर. मामांनी मान डोलावली. मार्चनंतर नवे वर्ष सुरू होते, त्याची परीक्षा पुन्हा मार्चमध्ये असते, हे गणित शिकवणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. साक्षीदाराने समासात लिहिलेल्या शब्दाला कायद्याने काही किंमत नाही. तरी अमलात तोच येईल. मी तो खोडलेला नाही.