पान एकोणपन्नास

मंगळवार, ८ डिसेंबर

वन्संना भावजयीचा नमस्कार.

सव्वा वर्षापूर्वीच्या त्या सकाळी मी खळ शिजवत होते. बाइंडिंगचं दुकान झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, शिवायच्या वह्या टेबलावर रचल्या होत्या. तुम्ही तुमचं धर्मशिक्षणाचं जुनं पुस्तक घेऊन आलात. "पाठ निखळली गं, वहिनी. दादाच्या हातचं आहे, जपून कर." खळ ढवळायची थांबलं की गुठळ्या होतात, म्हणून मी मान न वळवताच हो म्हटलं. तेवढ्यात लेक आतून आली आणि दोघींसमोर सांगून मोकळी झाली. तिसरा महिना होता आणि तो माणूस पसार झाला होता.

तुम्ही काय म्हणालात ते तुम्हालाही आठवत असेल. "तीन वर्षं माझ्या वर्गात बसलीस. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे काय, घडाघडा म्हणायचीस. पुरुषाच्या संगाशिवाय राहिला तो गर्भ निष्कलंक. बाकीच्यांचं लग्नाने झाकतं. तुझं कशाने झाकायचं?"

मी ढवळत राहिले. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

तुमचा गुडघा कसा आहे? रविवारी जिना उतरताना तुम्ही कठडा धरला होता, ते मी पाहिलं. इथे माझं बरं चाललंय. शाळेचे हजेरीपट बांधायला आलेत. तुमच्या दादांना जाऊन अडीच वर्षं झाली, तरी सकाळी चहा दोन कपच टाकला जातो. दुसराही मीच पिते. वाया घालवलेलं त्यांना खपायचं नाही.

आता मुद्द्यावर येते. नात आठ महिन्यांची झाली. तिचा बाप्तिस्मा आजोबांच्या चर्चमध्येच व्हावा, असा लेकीने अर्ज पाठवला. बाप्तिस्म्याची यादी तुमच्याकडे असते. तुम्ही त्यावर लाल शाईत 'आधी आईचं लग्न' असं लिहून तो परत धाडलात. फादरांनी तो पाहिलाही नाही. लेकीने तो कागद मला पाठवला, सोबत एक ओळ नाही. मी तो पिशवीत घालून महिनाभर वागवला.

मागच्या आठवड्यात तुमचं पुस्तक एकदाचं हातात घेतलं. सव्वा वर्ष ते फळीवर पडून होतं. तुम्ही मागितलं नाही, मी दिलं नाही. पाठीचं कापड काढलं, आतलं अस्तर ओल्या फडक्याने सोडवायला लागले, तर खाली छापील अक्षरं. पान एकोणपन्नास. पुस्तक चाळलं तर अठ्ठेचाळीसनंतर थेट एक्कावन्न! अठ्ठेचाळिसाच्या तळाशी प्रश्न आहे, 'निष्कलंक गर्भसंभव म्हणजे काय?' आणि एक्कावन्नच्या माथ्यावर येशू पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने, पुरुषाच्या संगाशिवाय जन्मला, हे उत्तर. ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. खरं उत्तर पाठीत चिकटून बसलं होतं.

तीन वेळा वाचलं. मरिया तिच्या आईच्या उदरी राहिली, त्या पहिल्या क्षणापासून देवाने तिला मूळ पापापासून मुक्त ठेवलं, तेही पुढे येणाऱ्या येशूच्या पुण्याईने. म्हणजे ही गोष्ट येशूच्या जन्माची नव्हेच. मरिया स्वतः पोटात आली तेव्हाची! तिचे आईबाप चारचौघांसारखे नवराबायको. तिथे संगाला कुणी नावं ठेवली नाहीत. बाकी आपल्या सगळ्यांवर तो मूळ डाग सारखाच. लग्नातल्या मुलाला वाटीभर आणि बिनलग्नाच्या मुलाला घागरभर, असं माप कुठल्याच पानावर नाही. आणि तो डाग धुवायलाच तर बाप्तिस्मा. मग ज्या बाळाला डागाळलेलं म्हणायचं, त्यालाच पाण्यापासून लांब ठेवायचं, हा कुठला न्याय?

टेबलापाशी एकटीच मोठ्याने हसले मी, वन्सं. शेजारचा घड्याळजी डोकावून गेला.

रविवारी आजच्या, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या तयारीचा वर्ग होता. तुम्ही तेच उत्तर सांगितलंत आणि मी उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तू पुस्तकं बांध. वाचायचं आम्ही बघतो." चाळीसजणी हसल्या. मी माझ्या पिशवीतून पान एकोणपन्नास काढलं. मी ते पान शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं. तुम्ही पिशवी उचलून निघून गेलात. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

फादर दारातच उभे होते. म्हणाले, "बाई बरोबर वाचताहेत. बत्तीस वर्षं वर्ग चाललाय आणि मी एकदाही मागच्या बाकावर येऊन बसलो नाही. आधी माझे कान धरा." मग मी पिशवीतला अर्ज काढला. लाल शाई पाहून त्यांचा चेहरा उतरला. "आई मुलीला श्रद्धेत वाढवणार ना?"

"आई वाढवेल आणि कमी पडलं तर आजी आहे," मी म्हटलं.

"मग बापाचा ठावठिकाणा विचारायला हे काही पोलीस स्टेशन नाही." त्यांनी तिथेच सही केली. येत्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर. बेकरीवाली ओरडली, "बाइंडरीणबाई, चौथीपण न शिकता मास्तरणीची परीक्षा घेतलीत!" टाळ्या पडल्या. माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

पण एक गोष्ट मी त्या टाळ्यांत सांगितली नाही.

ते पान पाठीत घातलं कुणी? मी. लग्नाला महिना झाला नव्हता आणि मला अक्षरओळख नव्हती. सुटलेलं पान कुठलं, रद्दी कुठली, मला सारखंच. अस्तराला कागद कमी पडला, तेव्हा खाली पडलेलं एक पान उचललं, खळ लावली आणि चिकटवलं. तुमच्या दादांनी वरून कापड चढवलं, त्यांना पत्ता नाही. पुढे दुकानातल्या त्याच रद्दीवर मी वाचायला शिकले. चूक तुमची नव्हती, वन्सं. तुमच्या हाती दिलं ते तुम्ही शिकवलंत. रविवारी मी जिंकत होते, म्हणून हे गिळलं. ते आता सगळ्यांसमोर सांगेन. फादरांना सांगून ठेवलंय.

आणि दुसरं. लेकीला तुम्ही घालवलंत, असं मी सव्वा वर्ष सांगत आले. तुम्ही बोललात तेवढंच. तिची बॅग मी भरली. कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणत होती, "आई, एकदा माझ्याकडे बघ ना." मी घड्या मोजून घातल्या, पण बघितलं नाही. लोक काय म्हणतील याची मला तुमच्यापेक्षा जास्त भीती होती. तुमचं वाक्य मला सोयीचं पडलं. आज सणाच्या दिवशी हे कागदावर उतरवते आहे, कारण तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा तुमच्यावरच ढकलेन.

बाप्तिस्म्याला धर्ममाता लागते. लेक म्हणाली, "आत्यालाच विचार. चुकलं ते चुकलं, पण मला 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना तिनेच शिकवलीय." मी नुसता निरोप पोचवते आहे. या, वन्सं. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी या.

लेकीशी हे बोलणं कधी झालं, असं तुम्ही विचाराल. त्या वर्गाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी दुकान बंद ठेवलं, पहिल्या गाडीने तिच्या खोलीवर गेले, तिच्याकडे नीट बघून माफी मागितली आणि दोघींना घरी घेऊन आले.

तुमची भावजय,
आणि आता सगळ्यांदेखत, त्या पोरीची आजी